झटकन उठलं की हृदय का पळतं

परवा लॅबमध्ये माझाच नंबर लागला, आधी दहा मिनिटं आडवं पडायचं, अंगाला ईसीजीच्या वायरी, आणि मग ऑर्डर आली की ऊठ. उठलं की रक्त पायात उतरतं, बीपी घसरतं, मानेतल्या कॅरोटिड सायनसमधले (मेंदूकडे जाणाऱ्या धमनीचा फुगीर भाग) सेन्सर मेंदूला कळवतात आणि हृदय पळायला लागतं, साधारण 15व्या ठोक्याला सगळ्यात जोरात, 30व्याच्या आसपास परत मंद. त्या दोन जागी ठोक्यांमधलं अंतर मोजून भागाकार करायचा, तो 30:15 रेशो. 1.04 च्या वर असला की ठीक, माझा 1.2 आला (उगाच कॉलर ताठ).

बीपी बदललं की हृदय कसं सावरतं हेच बघायला 1969 मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी तर शिरेत औषध टोचून बीपी मुद्दाम चढवलं होतं, आणि पारा एकेक मिलिमीटर चढला की ठोक्यांमधलं अंतर किती मिलिसेकंद वाढतं ते बघितलं. आपलं नुसतं उठणंच बरं बाबा, सुई तरी नाही!