जुनी वॅगनआर नावावर करून घेतली, त्याचा अनुभव

घोडबंदर रोडच्या एका काकांकडून २०१६ ची वॅगनआर घेतली. गाडी एमएच ०४ पासिंगची आणि मी पण ठाण्याचाच, त्यामुळे आरटीओ बदलायची भानगड नव्हती, फॉर्म २९ आणि ३० वर दोघांच्या सह्या, पीयूसी, इन्शुरन्स, आधार, पॅन एवढं जमवलं की काम झालं असं सगळे सांगत होते. पण आरसी हातात घेतली तर त्यावर बँकेचं नाव अजून तसंच! काका म्हणाले, "अहो, लोन कधीच फिटलंय." फिटलं असेल हो, पण आरसीवरचा कर्जाचा बोजा आपोआप उतरत नाही ना, त्याला फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी लागते. काकांनी एनओसी प्लास्टिकच्या फाइलमध्ये अगदी जपून ठेवलेली, फक्त तिची मुदत केव्हाच संपलेली. मग बँकेत नवीन एनओसीसाठी अर्ज, आणि तिथे आज साहेब नाहीत, उद्या या. सगळ्यात जास्त वेळ इथेच गेला, आरटीओत नाही.

तेवढ्यात बाकीचं उरकून घेतलं. ई-चलान चेक केलं तर पाम बीच रोडचं ओव्हरस्पीडिंग निघालं, काका म्हणे मुलाचं असेल, आणि गुपचूप भरलं. गाडी एप्रिल २०१९ च्या आधीची म्हणून एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर प्लेट, पण बसवून घेतली, त्याशिवाय ट्रान्सफरचं काम पुढे सरकत नाही.

चासी नंबरचा प्रिंट मला मेकॅनिकने काढून दिला. बॉनेट उघडून नंबरावरचं ऑइल फडक्याने पुसलं, वर पांढरी टेप चिकटवली आणि पेन्सिल आडवी धरून घासत गेला, एकेक आकडा उमटत आला. एक आकडा पुसट होता तर पठ्ठ्याने टेप काढून परत पहिल्यापासून घासलं, म्हणे साहेब आरसीशी एकेक आकडा ताडून बघतात. आणि बघितलाच.

इन्शुरन्स मात्र लगेच नावावर करून घ्या, कायद्यात त्याला १४ दिवस आहेत. नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट, गाडीबरोबर येत नाही, तो जुन्या मालकाचाच, फरक आपल्याला भरावा लागतो.

आणि फास्टॅग! काकांनी बंद केला नव्हता. खालापूरला टोल कापला गेला आणि दोन मिनिटांत त्यांचा फोन, "काय, लोणावळा का?" पैसे लगेच पाठवले, सोमवारी स्वतःचा टॅग घेतला.