दीड मिलीमीटरच्या नोझलसाठी 41 दिवस

घरातली दारं-चौकटी स्वतः स्प्रेनं रंगवायची असतील, तर मशीन निवडताना वॅट, कप केवढा, सवलत किती हे सगळं नंतर बघा. आधी दोनच गोष्टी विचारा: बारीक कामाचं नोझल खोक्यात नक्की आहे का, आणि उद्या ते हरवलं किंवा मोडलं तर सुटं कुठं मिळेल. मला हे कुणी सांगितलं नव्हतं. माझे 41 दिवस त्यात गेले आणि तो राग अजून पुरता उतरलेला नाही.

साताऱ्यातलं आमचं घर 1986 चं. नऊ दारं, त्यातली सहा पॅनेलची सागवानी आणि तीन नंतर बसवलेली फ्लश, म्हणजे सपाट. दर मोठ्या कार्याला ऑइल पेंटचा एकेक हात चढत गेला. पॅनेलच्या गाळ्यांच्या कोपऱ्यात रंगाचे थिजलेले ओघळ, बिजागऱ्या रंगानं बुजलेल्या, दोन दारं तर चौकटीत घासायला लागलेली. पुतणीचं लग्न फेब्रुवारीत करायचं ठरलं. आमच्या नेहमीच्या रंगारीकाकांनी गुडघ्यांमुळे काम सोडलंय आणि दुसऱ्या दोघांनी सांगितलेला आकडा आम्हाला झेपणारा नव्हता. मग मी ठरवलं, आपणच करायचं.

सुरुवातीला माझ्या डोक्यात पी.यू. म्हणजे पॉलियुरेथेन होतं. मावसबहिणीच्या फ्लॅटमधली दारं काचेसारखी गुळगुळीत बघितली होती. पण दोन डब्यांच्या पी.यू.च्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. स्प्रे करताना ते श्वासात गेलं तर दमा जडू शकतो आणि साधा धुळीचा मास्क तिथं काही कामाचा नाही. आमच्या आईला आधीच दमा आहे. दुसरं कारण मशीनच्या माहितीपत्रकात मिळालं: 21 अंशांच्या खाली ज्याची वाफ पेट घेते असं काहीही यात भरू नका. या विजेच्या गनमध्ये मोटर मशीनच्या पोटातच असते आणि तिच्यात ठिणग्या पडतात. एन.सी. (नायट्रोसेल्युलोज) लॅकर पातळ करायचा थिनर तर त्या मर्यादेच्या कितीतरी खाली पेटतो. खोक्यावर मात्र ठळक अक्षरात ‘सर्व प्रकारच्या रंगांसाठी’ असं छापलेलं होतं. म्हणून आधी रंग ठरवा, मग मशीन. मी पाण्यात मिसळणारा इनॅमल घेतला, अर्ध्या चकाकीचा.

मशीनचे तीन प्रकार समोर होते. दुकानदारानं पहिल्यांदा एअरलेस पुढे केलं. त्यात हवा नसते, रंगच दीड ते तीन हजार पीएसआयच्या (दर चौरस इंचाला पौंड) दाबानं बाहेर फेकला जातो. भिंतींसाठी उत्तम आहे. त्याच्या टिपवर, म्हणजे नोझलवर, 517 असा काहीतरी नंबर असतो. पहिल्या आकड्याची दुप्पट म्हणजे फूटभर अंतरावरून पडणाऱ्या पट्ट्याची रुंदी इंचांत, म्हणजे इथं 10 इंच. पुढचे दोन आकडे म्हणजे भोक, इंचाच्या हजारांश भागात. दारांना 310 किंवा 312 लागतं, चौकटीला 210. पण 50 फुटी पाव इंची नळीत जवळजवळ अर्धा लिटर रंग अडकून राहतो, आणि माझी दारं होती नऊ. शिवाय तो झोत बोटावर बसला तर रंग कातडीच्या आत घुसतो. वरून भोक एवढंसं दिसतं, पण आतली इजा बोट कापायला लावण्याइतकी असू शकते. मी नको म्हटलं.

कॉम्प्रेसर आणि गन हा सुताराचा मार्ग. फिनिश सगळ्यात सुंदर त्याचंच येतं, हे मी मान्य करते. पण कमी दाबाच्या चांगल्या गनला दहा सीएफएमच्या (मिनिटाला घनफूट) आसपास हवा लागते आणि एक एच.पी.चा छोटा कॉम्प्रेसर चारेक सीएफएम देतो. दार अर्ध्यावर आलं की दाब पडतो. मोठा कॉम्प्रेसर घेणं नऊ दारांसाठी परवडत नव्हतं. राहिलं विजेचं एचव्हीएलपी: भरपूर हवा, कमी दाब, रंग कमी उडतो, दारावर जास्त बसतो. घरच्या दारांसाठी मी आजही हेच सांगेन.

मशीन मागवलं ते दादाच्या खात्यावरून, कारण त्याच्या कार्डावर सूट होती. बिल त्याच्या नावावर, मोबाइल नंबरही त्याचाच. दादा जहाजावर असतो. ही एक गोष्ट पुढे किती महागात पडणार आहे, हे तेव्हा मला माहीत नव्हतं.

22 ऑक्टोबरला खोकं आलं. जाहिरातीत लिहिलं होतं: दोन नोझल, 1.5 आणि 2.5 मिलीमीटर. खोक्यात दोन पुड्या होत्या. मी एक बसवलं, जुन्या फळीवर रंग मारून बघितला. थेंब मोठे पडले, वाळल्यावर पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा. पाणी थोडं वाढवलं तर रंग सरळ खाली ओघळला. म्हणून दुसरं नोझल बसवलं, तेच झालं. तेव्हा भिंग घेऊन दोन्ही नोझलच्या आतल्या कडेवरचा आकडा वाचला. दोन्ही 2.5 होती.

चूक पॅकिंगची, अगदी सरळ. एक नोझल पाठवून द्यायचं, विषय संपला. असं मला वाटलं.

विक्रेत्यानं फोटो मागितला. मी पाठवला. उत्तर आलं, ‘फोटोत दोन नोझल दिसत आहेत, तक्रार बंद करण्यात येत आहे.’ पुन्हा तक्रार केली, या वेळी दोन्हींच्या भोकात एकाच जाडीची काडी घालून, शेजारी पट्टी ठेवून फोटो काढला. त्यावर सांगितलं गेलं की मशीनला रंग लागलेला आहे, वापरलेली वस्तू परत होत नाही. परत करायचीच नव्हती हो मला! नोझल हवं होतं. तोवर सात दिवसांची मुदत संपली आणि त्यांनी मला कंपनीकडे टोलवलं.

कंपनीच्या फोनवरची मुलगी नीट बोलली, पण आधी वॉरंटीची नोंदणी करा म्हणाली. नोंदणीला ओटीपी, आणि ओटीपी बिलावरच्या नंबरवर. दादाचं जहाज दोन बंदरांच्या मधे. त्याचा फोन लागायला 11 दिवस गेले. लागला तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते. मी अर्ज उघडून बसलेली, तो ओटीपी सांगतोय आणि तेवढ्यात मुदत संपते, असं तीनदा झालं. चौथ्यांदा आत शिरले तर मशीनचा नंबर चालेना. स्टिकरवर 11 आकडे, अर्जाला 12 हवेत. दादाची झोप मोडून मिळवलेला ओटीपी वाया गेला. दुसऱ्या दिवशी फोनवर कळलं, पुढे शून्य लावायचं. हे अर्जावर कुठंही लिहिलेलं नाही. ज्यांना असा अर्ज भरायचा आहे त्यांनी आकडा कमी पडला तर आधी हे करून बघा.

नोंदणी झाली, तक्रारीला नंबर मिळाला, 72 तासांत फोन येईल म्हणाले. आला नाही. मीच करत राहिले. दर वेळी नवा माणूस, दर वेळी पहिल्यापासून गोष्ट. शेवटी सांगण्यात आलं, मशीन पुण्याच्या सर्व्हिस सेंटरला घेऊन या.

2 डिसेंबरला सकाळच्या एसटीनं स्वारगेटला उतरले, मांडीवर खोकं घेऊन. काउंटरवरच्या मुलानं मशीन फिरवून बघितलं आणि म्हणाला, “मॅडम, याला रंग लागलाय. हे वॉरंटीत बसत नाही.”

मी म्हटलं, “रंगाचं मशीन आहे, रंग मारून बघितल्याशिवाय नोझल चुकीचं आहे हे कळणार कसं?”

“ते बरोबर आहे, पण सिस्टीममध्ये तसा ऑप्शन नाही. मशीन ठेवून जा. तीन आठवडे लागतील.”

नोझल म्हणजे करंगळीच्या टोकाएवढी वस्तू. त्यासाठी चालू मशीन तीन आठवडे त्यांच्या फळीवर ठेवायचं, आणि ते परत येईल तेव्हा लग्न महिन्यावर. मी मशीन दिलं नाही. तक्रारीच्या कागदावर ‘मशीन चालू स्थितीत, फक्त नोझल चुकीचं आलं आहे’ असं त्याच्याकडून लिहून घेतलं, सही-शिक्का घेतला आणि बाहेर पडले. तो कागद घेतला हे मी त्या दिवसातलं सगळ्यात शहाणपणाचं काम समजते.

बाहेर बाकावर बसूनच 1915 ला फोन लावला. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा हा नंबर, पैसे लागत नाहीत. तिथं बोलताना कळलं ते सगळ्यांना सांगते: 2020 च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे ऑनलाइन विक्री करणाऱ्याला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो. त्यानं 48 तासांत तक्रार मिळाल्याची पोच द्यायची आणि महिन्याच्या आत ती सोडवायची. म्हणजे मी पहिल्याच आठवड्यात त्या अधिकाऱ्याला लेखी ई-मेल करायला हवी होती. मी फोनवर फोन करत बसले, ज्यांचा कागद होत नाही.

तिथून बोहरी आळीत गेले. चार दुकानांत मान हलवली गेली. पाचव्या दुकानातल्या वयस्कर चाचांनी मात्र आधी मशीन मागितलं, नोझलचं कडं उलगडलं, आटे अंगठ्यानं चाचपले आणि म्हणाले, “ताई, ही बॉडी चार नावांनी विकली जाते.” एका डब्यातून त्यांनी सुटी नोझल काढली. कोणतं किती हे बघायला त्यांनी आकडा वाचलाच नाही. ड्रिलची दीड मिलीमीटरची बिट घेतली आणि तिचा गुळगुळीत दांडा एकेका भोकात घालून बघितला. तिसऱ्यात तो अलगद, न हलता बसला. मग नोझल मशीनवर चढवून ट्यूबलाइटकडे धरलं. भोक बंद करणाऱ्या आतल्या सुईचं टोक जेमतेम बाहेर डोकावत होतं आणि कडेनं उजेडाची रेघसुद्धा दिसत नव्हती. “सुई अशी बसली पाहिजे. उजेड दिसला तर रंग गळणार.” कपात पाणी भरून दुकानाच्या पायरीवर फवारा मारून दाखवला. बंद केल्यावर एक थेंब गळला नाही. 280 रुपये. बिल माझ्या नावावर घेतलं.

परतीच्या एसटीत मला रडू आलं, सुटल्यासारखं वाटून. कंपनीचं नोझल 1915 च्या तक्रारीनंतर बाराव्या दिवशी कुरिअरनं आलं. ते आता जादाचं म्हणून डब्यात आहे.

पुढचं काम सोपं होतं, फक्त लक्षात राहिलेलं सांगते. जुना रंग कोरडा घासू नका. घरगुती रंगातल्या शिशावर 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90) मर्यादा नोव्हेंबर 2017 पासून लागू झाली, आमच्या दारांवरचे खालचे थर त्याच्या कितीतरी आधीचे. पाणी लावून वॉटर पेपरनं घासलं, चोथा कागदात गोळा केला, पुतण्याच्या पोरांना तोवर अंगणात येऊ दिलं नाही.

दारं बिजागऱ्यांतून काढून लाकडी घोड्यांवर आडवी टाका, ओघळाचा प्रश्नच राहत नाही. आधी कडा, मग गाळे, मग आडव्या पट्ट्या, शेवटी उभ्या. हात वीतभर लांब आणि दाराला समांतर. मनगट वळवलं की मधे जाड, टोकांना पातळ बसतो. हात हलायला लागल्यावर खटका दाबायचा, थांबायच्या आधी सोडायचा. खोक्यात नरसाळ्यासारखा छोटा कप येतो तो फेकू नका. रंग भरून धार तुटेपर्यंतचे सेकंद मोजायचे. माझ्या रंगाला आधी 70 लागत होते, थोडं थोडं पाणी घालत 40 वर आणलं तेव्हा फवारा धुक्यासारखा सुटला. पाणी मात्र डब्यावर लिहिलेल्या मर्यादेबाहेर नको. रंग जुन्या नायलॉनच्या मोज्यातून गाळा, मलमलीचे तंतू सुटतात.

चौकटींबद्दल माझं मत वेगळं झालंय. माणसं राहत असलेल्या घरात चौकटीला स्प्रे करायचा म्हणजे भिंत, फरशी, उंबरठा सगळं कागद-टेपनं झाकायचं. पहिल्या चौकटीला झाकण्यात अडीच तास गेले आणि रंग सात मिनिटांत झाला. उरलेल्या आठ मी स्पंजच्या छोट्या रोलरनं केल्या. दोन हातांच्या अंतरावरून फरक मला स्वतःला ओळखू येत नाही. घर रिकामं असेल तर मात्र स्प्रेच करा.

आणि धुणं. काम संपल्यावर लगेच, अर्धा तासही न थांबता, सुई, नोझल आणि कपाच्या झाकणातली रबरी रिंग वेगळी करून धुवायची. एका संध्याकाळी पाहुणे आले म्हणून मी तशीच ठेवली, तर सकाळी रिंग चिकटून फाटली. तीही चाचांकडेच मिळाली, फोनवर सांगून एसटीच्या पार्सलनं.

लग्नाच्या आधी नऊही दारं लागली. आईनं देवघराच्या दारावरून हात फिरवला आणि मला विचारलं, “हे नवीन बसवलंस का गं?”