पितळ दिसलं म्हणून पितांबरी लावू नका

जुना पितळी मायक्रोस्कोप घरात निघाला की पहिला सल्ला ठरलेला: पितांबरीने घासा, लख्ख होईल. कृपा करून घासू नका! त्या पितळेवर लाखेच्या वार्निशचा पातळ थर असतो. मधासारखी झाक दिसते ती त्याचीच. घासला की तो जातो, स्पिरिटनेही विरघळतो. भांडी बाजारातले आमच्या ओळखीचे दुकानदार आपुलकीने म्हणाले, "ताई, द्या, मशीनवर चकाचक करून देतो." मी नको म्हटलं. मऊ, कोरडं सुती कापड पुरतं.

हा मायक्रोस्कोप माझ्या आजेसासऱ्यांचा. पंचवटीत त्यांचा दवाखाना होता. नळीवर 'ई. लाइट्स, वेत्झलार' असं जर्मन कंपनीचं नाव आणि गाव कोरलंय. पण माझा जीव जडलाय तो पेटीतल्या बारक्या पितळी डब्यांवर. फिरकीच्या झाकणांवर आतल्या भिंगाचा क्रमांक: ३, ७ आणि १/१२. जुन्या वस्तू विकणारे या डब्या सुट्या विकतात, त्याचं फार वाईट वाटतं. भिंगांशिवाय उरतो तो नुसता पितळी सांगाडा.

१/१२ हे तेलाचं भिंग. स्लाइडवर सीडरवुड तेलाचा थेंब टाकायचा आणि भिंग त्यात टेकवायचं. हे तेल आणि काच प्रकाशाला जवळजवळ सारखंच वळवतात, त्यामुळे हवेत निसटून गेले असते ते किरणही भिंगात शिरतात. १८७८ मध्ये जर्मनीतल्या येना इथे भौतिकशास्त्रज्ञ एर्न्स्ट आबे यांनी त्साइस या मायक्रोस्कोप बनवणाऱ्या कंपनीसाठी अशी भिंगं तयार केली. रक्तपेशीतला मलेरियाचा जंतू नीट बघायचा तर असंच भिंग लागतं. आमच्या भिंगाच्या तोंडावर जुनं तेल राळेसारखं घट्ट बसलं होतं. लेन्स पेपरच्या टोकाला जरासं झायलीन (तेल, राळ विरघळवणारं द्रावण) लावून ते हळूहळू काढलं. भिंग झायलीनमध्ये बुडवायचं मात्र नाही. आतल्या काचा कॅनडा बाल्सम या झाडाच्या राळेने चिकटवलेल्या असतात, तीही झायलीनमध्ये विरघळते.

आणि हो, तो वापरा. ऑक्टोबर छाटणीनंतर माझा भाऊ दिंडोरीहून द्राक्षाची डागाळलेली पानं घेऊन आला. पानाखालची पांढरी बुरशी सेलोटेपने उचलली, पाण्याच्या थेंबावर ठेवली, आरसा खिडकीकडे वळवला. क्रमांक ७ खाली काटकोनात फुटलेल्या फांद्या दिसल्या आणि त्यांच्या टोकांना लिंबाच्या आकाराचे बीजाणू. डाऊनीच, म्हणजे द्राक्षावरचा केवडा रोग! भुरी हा दुसरा बुरशीचा रोग असता तर बीजाणू एकापुढे एक ओळीने ओवलेले दिसले असते. दोन्हींची औषधं वेगळी, म्हणून भावाने तिथूनच मळ्यात फोन लावला.