गोष्ट पावणेदहाला थांबते

३ मार्च, चिपळूण, रात्री

उद्यापासून सुरक्षा सप्ताह. लोट्याच्या एमआयडीसीत एका कारखान्यात तीन दिवस कामगारांना प्रशिक्षण द्यायचं आहे. संध्याकाळी लॉजवर येऊन जुनी फाइल उघडली. ६४ स्लाइड. कारखाने अधिनियम १९४८ (२०२५ पर्यंत लागू असलेला कायदा), कलम ३६. ऑक्सिजन १९.५ टक्क्यांच्या खाली असेल तर टाकीत उतरायचं नाही. आधी गॅस टेस्ट, मग लेखी परमिट, बाहेर दोरी धरून एक माणूस. यातलं एक अक्षर चुकीचं नाही आणि इतकी वर्षं मी हेच सांगत आले.

पण तो हेल्पर डोक्यातून जात नाही. चार वर्षं झाली. माझ्याच वर्गात बसला होता, शेवटच्या चाचणीत २० पैकी १८ गुण. पुढच्याच आठवड्यात रसायनं बनवायच्या, नायट्रोजन भरलेल्या रिअ‍ॅक्टरच्या मॅनहोलमध्ये वाकला आणि तिथेच लुळा पडला. शेजारच्यानं कंबरेला धरून मागे ओढला म्हणून वाचला. मी भेटायला गेले तेव्हा तो अगदी मनापासून म्हणाला, "मॅडम, मी आत कुठे गेलो? नुसता डोकावलो."

मी ‘आत जायचं नाही’ असं शिकवलं होतं. त्याच्या लेखी आत जाणं म्हणजे पाय टाकणं. नायट्रोजनला वास नाही, रंग नाही, आपण घेतो त्या हवेतही ७८ टक्के तोच असतो. ऑक्सिजन जवळजवळ संपलेल्या जागी एकदोन श्वासांत शुद्ध जाते, खोकला येत नाही की घुसमट होत नाही. हे सगळं स्लाइडवर होतं. त्यानं ते पाठ केलं होतं. त्या मॅनहोलपाशी स्वतःला उभं करून बघायची वेळ मात्र मी त्याच्यावर वर्गात कधी आणलीच नाही.

आजीची आठवण येते आहे. माझं आजोळ महानुभावांचं, अमरावतीकडचं. चक्रधरस्वामींचे दृष्टांत ती आम्हांला झोपताना सांगायची. केसोबासांनी संकलित केलेल्या दृष्टांतपाठात ११४ दृष्टांत आहेत आणि त्यांची बांधणी ठरलेली: आधी सूत्र, मग दृष्टांत, शेवटी दार्ष्टांतिक, म्हणजे गोष्टीतलं काय कशाला लागू होतं ते. आजी हत्ती चाचपणाऱ्या आंधळ्यांची गोष्ट संपवून तिथेच थांबायची. "आता तू सांग, यात हत्ती म्हणजे काय आणि आंधळे कोण?" दार्ष्टांतिक आमच्याकडून काढून घ्यायची. आम्ही चुकलो तरी तिला घाई नसायची.

प्रशिक्षक म्हणून मी नेमकी उलटी वागत आले. सूत्र मीच सांगायचं, गोष्ट दोन मिनिटांत उरकायची आणि दार्ष्टांतिकही मीच ठळक अक्षरांत दाखवायचं. उद्या ती फाइल नेणार नाही.

४ मार्च

सकाळी ध्वज, शपथ, मग वर्ग. २४ जण, बहुतेक ऑपरेटर. प्रत्येकाला एकच कागद दिला. मराठीत आणि मागच्या बाजूला हिंदीत, कारण ठेकेदाराची निम्मी मुलं उत्तर प्रदेश-बिहारची आहेत.

गोष्ट पायपर अल्फाची. स्कॉटलंडजवळच्या समुद्रातला तेलाचा प्लॅटफॉर्म, ६ जुलै १९८८. नाव आणि वर्ष मात्र आधी सांगितलं नाही. पूर्वी मी भोपाळ घ्यायचे, ते सोडून दिलं. २ डिसेंबर १९८४ची रात्र म्हटलं की शेवट सगळ्यांना माहीत असतो. शेवट माहीत असला की ऐकणारा न्यायाधीशाच्या खुर्चीत जाऊन बसतो आणि ज्यांच्या हातून चूक झाली ती माणसं त्याला मूर्ख वाटू लागतात. माझ्या वर्गात मला ती खुर्ची नको आहे.

कागदावर फक्त रात्रपाळीच्या हाती होतं तेवढंच लिहिलं. कंडेन्सेटचे (गॅसमधून वेगळ्या होणाऱ्या हलक्या तेलाचे) दोन पंप, ए आणि बी. पावणेदहाच्या सुमारास बी बंद पडला, पुन्हा सुरू होईना. पंप मिळाला नाही तर थोड्या वेळात सगळ्या प्लॅटफॉर्मची वीज जाणार. पंप ए मोठ्या दुरुस्तीसाठी बंद ठेवलेला, त्याचं परमिट समोर आहे, पण ते काम अजून सुरूच झालेलं नाही. तुम्ही शिफ्ट इन-चार्ज. पंप ए घेणार की नाही?

गोष्ट इथे थांबवली. सुरुवातीला वर्गात हसणं-खिदळणं होतं, मग चांगलेच वाद झाले. एकानं विचारलं, "लाइन ड्रेन केली होती का?" दुसरा म्हणाला, "वीज गेली तर त्याहून मोठा धोका." शेवटी हात वर करायला लावले. १९ जणांनी पंप ए सुरू केला.

मग दुसरा कागद. पंप ए चा सेफ्टी व्हॉल्व्ह त्याच दिवशी तपासणीसाठी काढला होता. काम संध्याकाळी सहापर्यंत झालं नाही, म्हणून त्या जागी नुसतं ब्लाइंड फ्लँज, म्हणजे पाइपाचं तोंड झाकणारी चकती, लावून ठेवलं होतं. व्हॉल्व्हचं परमिट वेगळं आणि ते पंपाच्या परमिटसोबत नव्हतं. व्हॉल्व्ह पंपापासून दूर, वरच्या बाजूला, त्यामुळे पंपाजवळ उभं राहून काही दिसत नव्हतं. पाळी बदलताना ही गोष्ट एकाकडून दुसऱ्याकडे पोचलीच नाही. पहिला स्फोट दहाच्या सुमारास झाला. १६७ माणसं गेली.

वर्ग पार शांत झाला. हात वर केलेला एक पोरगा बराच वेळ आपल्या तळव्याकडे बघत होता. मी काहीही बोलले नाही आणि माझ्यासारखीला ते फार जड जातं. तीनेक मिनिटांनी मागून एक ऑपरेटर म्हणाला, "आपल्याकडे पण मेकॅनिकलचं परमिट वर ऑफिसात राहतं, मॅडम. कंट्रोल रूमला कॉपी येत नाही." पुढचा सगळा तास त्यावर गेला. कुठल्याही स्लाइडवर मला हे लिहिता आलं नसतं, कारण मला ते ठाऊकच नव्हतं.

५ मार्च

आज फिटर आणि हेल्पर. जेवणानंतर मॅनहोलचा प्रसंग घेतला. एका जुन्या अपघाताच्या अहवालावरून मी तो पूर्वीच तयार केलेला आहे: धुऊन नायट्रोजन दिलेला रिअ‍ॅक्टर, आत पडलेला पान्हा, काढायला गेलेला फिटर, त्याच्या मागे उडी मारलेला दुसरा. दोघेही गेले. अहवालात कारण लिहिलं होतं ‘कामगाराचा निष्काळजीपणा’. माझ्या कागदावरही तेच शब्द.

मागच्या बाकावर एक वयस्कर फिटर बसले होते, सगळे त्यांना मामा म्हणतात. सकाळपासून एक शब्द नाही. ते उठून उभे राहिले. "मॅडम, माझ्याबरोबरचा असाच गेला. मी पण मागे चाललो होतो, एकानं कॉलर धरली. तो काय येडा नव्हता. निष्काळजी तर नव्हताच, सगळ्यांत नीट काम करणारा तोच." पुढे त्यांना बोलवेना. मी पाणी दिलं आणि चहाची सुट्टी केली.

सुट्टीत त्यांच्याशेजारी जाऊन बसले. ही गोष्ट दुसऱ्या वर्गांत सांगितली तर चालेल का, असं विचारलं. ते विचारायलाच हवं होतं. कुणाचं तरी मरण आपल्या तासाला रंग आणायला वापरायचं नाही, हे मी फार उशिरा शिकले. त्यांनी बराच वेळ चहाचा कप नुसता हातात फिरवला.

"सांगा. नाव नको, त्याची मुलं आता याच भागात कामाला आहेत. पण तो पान्हा काढायला का वाकला ते सांगा. पान्हा ठेकेदाराचा होता. हरवला की पगारातून कापायचे. मागच्या महिन्यात एकदा कापले होते. सुट्टी व्हायला अर्धा तास होता आणि पान्हा वरून दिसत होता, चकाकत होता."

रात्रीचे साडेअकरा झाले आहेत. कागद नव्याने लिहिला. ‘निष्काळजीपणा’ खोडलं. पगारातली कपात, अर्धा तास, चकाकणारा पान्हा, तिन्ही घातलं. गोष्ट मॅनहोलच्या काठाशी थांबवली, तो वाकायच्या आधी.

उद्याची बॅच सुपरवायझर आणि ठेकेदारांची. त्यांच्यासाठी प्रसंग तोच ठेवला, प्रश्न बदलला: तुमचा माणूस रिकाम्या हातानं तुमच्याकडे येतो आणि सांगतो, पान्हा आत पडला, मी काढला नाही. तुम्ही त्याला काय म्हणाल? खाली उत्तरासाठी चार ओळी मोकळ्या सोडल्या आहेत. तीस प्रती काढायच्या आहेत, झेरॉक्सवाला आठला उघडतो.