लाल-काळा, पण पोवळा नव्हे

दक्षिण अमेरिकेतल्या सुरीनाममध्ये कामाला असताना ज्या सापासाठी मी रात्री-अपरात्री बॅटरी घेऊन भटकलो, तो मुळात बाहेर पडायचाच आळशी. शास्त्रीय नाव अनिलियस सायटेली. मातीत, पालापाचोळ्याखाली, कुजक्या ओंडक्यात मुक्काम. रात्री चांगला पाऊस झाला तर कधीतरी वर यायचं. ब्राउन्सबर्गच्या जंगलवाटेवर तो अखेर दिसला तेव्हा वाटाड्या आधी चार पावलं मागे सरला.

शहाणाच म्हणायचा. लाल-काळे पट्टे बघून तिकडे पहिल्यांदा विषारी पोवळा सापच डोळ्यांसमोर येतो, आणि तिकडच्या पोवळ्याचं विष जीवघेणं असतं. अनिलियस बिनविषारी. त्याच्या अंगावर दोनच रंग, मध्ये पिवळं-पांढरं कडं नाही. पण पट्ट्यांच्या क्रमावरून विषारी-बिनविषारी ठरवायचे उत्तर अमेरिकेतले आडाखे इथे लागू पडत नाहीत. गावी सर्पमित्र म्हणून मिरवतो, तरी मी हात लावला नाही.

दोनेक फुटांचा, गुळगुळीत. डोकं कुठे संपतं आणि मान कुठे सुरू होते, कळत नाही. डोळा म्हणजे मोठ्या खवल्याखाली दबलेला काळा ठिपका. उजेड पडताच त्याने अंग चपटं केलं, डोकं वेटोळ्यात खुपसलं आणि आखूड शेपटी उभारली. म्हणजे चावायचं तर शेपटीला चावा! आपलं मांडूळही शेपटी पुढे करून असंच फसवतं, आणि त्या ‘दुतोंड्या’च्या थापेपायी बिचाऱ्याची तस्करी होते.

अजगरासारखा याचा जबडा ताणत नाही. म्हणून सगळा खुराक लांबुडका: देवगांडुळं (बेडकांच्या नात्यातले बिनपायाचे प्राणी), ईल मासे, लहान साप. मादी अंडी घालत नाही, थेट पिल्लांना जन्म देते. शेपटीच्या मुळाशी दोन बारीक नख्या असतात, मागच्या पायांचे अवशेष.

प्राण्यांना शास्त्रीय नावं देण्याची पद्धत रुजवणाऱ्या लिनियसने 1758 मध्येच याला नाव दिलं, पण याचं गोत्र पुढे दोनशे वर्षं चुकत राहिलं. आशियातले बिळकरी साप आणि आपल्या सह्याद्रीतले खापरखवल्या यांच्याजवळ त्याला बसवायचे. आंबोलीत पावसाळ्यात खापरखवल्या पाहिलेल्या कुणालाही ते पटेल: तेच निमुळतं डोकं, तोच खवल्याखालचा डोळा. पण माती उकरत जगायचं म्हटलं की अंग तसंच घडत जातं, त्याला सोयरीक लागत नाही. 2000 नंतर डीएनए तपासला गेला आणि याचे जवळचे भाऊबंद निघाले भलतेच: क्युबा आणि आसपासच्या बेटांवरचे ‘बुटके बोआ’ नावाचे छोटे साप. त्यांतले काही चक्क झाडावर चढतात, आणि धरले तर तोंडातून, डोळ्यांतून रक्त गाळतात.

क्युबाच्या तिकिटांचे दर बघून ठेवलेत. घरी अजून सांगितलेलं नाही.