रंगीत ड्रॅगन आणि आजीची गिन्नी

लेक पर्थमध्येच जन्मली, २०१२ च्या मार्चमध्ये. चिनी पंचांगात ते ड्रॅगनचं वर्ष, आणि इथल्या टांकसाळीने त्या वर्षाची सोन्याची नाणी रंगीत ड्रॅगनसहही काढली होती. बारशाला त्यातलं एक घेतलं, औंसाच्या दहाव्या हिश्श्याचं, म्हणजे ३.११ ग्रॅमचं. तेव्हापासून रंगीत नाण्यांचा नाद लागला तो लागलाच.

फोनवर आईला सांगितलं तर म्हणाली, "अगं, सोन्याला रंग कशाला लावायचा?" तिचा प्रश्न रास्त होता. ९९.९९ टक्के शुद्ध सोन्यावर आधी ठसा उठवतात, मग त्या उठावावर मऊ पॅडने रंग छापतात. सोनं तेवढंच राहतं, किंमत मात्र चढते. सुट्टीत गावी आले तेव्हा आमच्या सराफांना दाखवलं. त्यांनी भिंगातून निरखून पाहिलं, मनापासून कौतुक केलं आणि म्हणाले, "मोडीत वजनाचेच पैसे येतील हं, ताई." तेव्हापासून बचतीला साधी कांगारूची नाणी घेते. रंगीत घ्यायचं ते कधीच न मोडण्यासाठी.

जपायची रीतही निराळी. दागिन्यांसारखं रिठ्याच्या पाण्यात घालून ब्रशने घासलं की संपलंच! चोवीस कॅरेट सोनं मऊ, लगेच ओरखडे पडतात. डबीतून शक्यतो काढायचं नाही, काढलंच तर फक्त कडेला धरायचं.

ही टांकसाळ १८९९ साली सुरू झाली, लंडनच्या रॉयल मिंटची शाखा म्हणून. कूलगार्डी आणि कालगुर्लीच्या खाणींतल्या सोन्याच्या इथे १९३१ पर्यंत सॉव्हरिन पडत, म्हणजे आपल्या गिन्न्या. हे वाचलं आणि आजीची, कडी लावून गळ्यात घातलेली गिन्नी आठवली. गेल्या दिवाळीत आईने ती कपाटातून काढली. साल १९१४. भिंग लावलं तर सालाच्या वर, नाण्यावर कोरलेल्या घोड्याच्या पायांखालच्या जमिनीवर, बारीकसं इंग्रजी 'पी'. पर्थची! मी कितीतरी वेळ ती तळहातावर घेऊन बसले होते. आजी उभ्या जन्मात रत्नागिरी सोडून कुठे गेली नव्हती.

तुमच्या घरी गिन्नी असेल तर तीच जागा भिंगातून बघा. 'एम' असेल तर मेलबर्न, 'एस' असेल तर सिडनी. आणि 'आय' दिसला, तर ती १९१८ साली आपल्या मुंबईतच पडलेली.