तुम्ही विचारलंत म्हणून : किती वाचले शेवटी?

"मग, किती वाचले शेवटी?"

गाडीच्या मागच्या चाकांची बेअरिंग, म्हणजे चाक ज्यांच्यावर फिरतं त्या गोळ्यांच्या कड्या, मी घरीच बदलली. तेव्हापासून मेहुणे विचारतात, पार्किंगमधले शेजारी विचारतात, कारखान्यात डबा खाताना विचारतात. पाठोपाठ दुसरा प्रश्न येतो: "एवढं होऊनही परत स्वतःच का बसवलंत?" पहिल्याचं उत्तर आकड्यात देता येतं, म्हणून ते आधी देऊन टाकतो.

गॅरेजनं मागच्या दोन्ही चाकांची बेअरिंग बदलायचे ५,२०० रुपये सांगितले होते. मी चार बेअरिंग, दोन ऑइल सील, दोन नवे नट आणि ग्रीस मिळून २,०६० रुपयांत आणलं. म्हणजे ३,१४० वाचले. पुढे आंबा घाटात जे झालं त्याचे टोइंगचे ३,५००, नव्या ड्रमचे १,४५०, ब्रेक शूचे ६५०, परत दोन बेअरिंग, सील, नट आणि प्रेसची मजुरी धरून १,०९०. सगळी बेरीज ८,७५०. गॅरेजला दिले असते त्यापेक्षा ३,५५० जास्त गेले. मिळालं उत्तर? आता हे परत विचारू नका.

कारण हे उत्तर ऐकलं की समोरचा मान हलवतो आणि म्हणतो, "हौस महागात पडली." हौस नव्हती. त्या पावसाळ्यात आमच्या फाउंड्रीत आठवड्याचे चारच दिवस काम होतं आणि पगार त्याच मापानं येत होता. मुलीची शाळेची फी आणि घराचा हप्ता काही चार दिवसांचा होत नाही. ५,२०० तेव्हा माझ्याकडे नव्हते. २,०६० होते. ज्यांनी 'एवढी रिस्क कशाला' असं विचारलं, त्यांच्यापैकी एकानंही तेव्हा ही बाजू विचारली नाही.

शिवाय मला वाटत होतं की मला येतं. हे नीट सांगतो, कारण खरी चूक इथं आहे. मी अकरा वर्षं स्टोअरला आहे. बेअरिंग रोज माझ्या हातातून जातात. ६२०५ नंबर म्हटलं की शेवटचे दोन आकडे गुणिले पाच, म्हणजे आतलं भोक २५ मिलिमीटर, बाहेरून ५२, जाडी १५. हे मला झोपेतही सांगता येतं. नंबरापुढे टू-आरएस असेल तर दोन्ही बाजूंनी रबरी सील, झेडझेड असेल तर पत्र्याची झाकणं. खोक्यावरची छपाई बघून नकली माल बाजूला काढणारा माणूस मी. पण इतक्या वर्षांत मी बेअरिंग इश्यू केली, बसवली एकही नव्हती.

गाडी मागून घुमत होती. तो आवाज कुठून येतो हे शोधायलाही मी पुस्तकी पद्धत लावली. कागलच्या रस्त्याला ताशी ६० वर क्लच दाबून बघितला. घुमणं तसंच राहिलं, म्हणजे दोष इंजिनात नव्हता. पुढचे टायर मागे घातले; आवाज मागेच राहिला, म्हणजे दोष टायरमध्येही नव्हता. मग जॅकवर घेऊन दोन्ही चाकं हातानं फिरवली. डाव्याला खरखर लागली. मी डावं खोललं.

ती खरखर ब्रेक शू ड्रमला जरासा घासत होता त्याची होती, बेअरिंगची नव्हती. डावं बेअरिंग चांगलं होतं. हे मला नवं बसवून गाडी परत रस्त्यावर काढल्यावर कळलं, कारण घुमणं जसंच्या तसं होतं. पुढच्या रविवारी उजवं बदललं आणि आवाज गेला. मी चांगलं चाक खोलून त्यात स्वतःच्या हातानं बिघाड घातला होता, पण तेव्हा मला एवढंच दिसत होतं की गाडी शांत झाली. बायकोला फिरवून आणली. खूप आनंद झाला होता मला, आणि तो आनंद खोटा होता असं मी आजही म्हणणार नाही.

डावं बसवलं कसं तेही सांगतो. आमच्या गाडीला मागे ड्रम ब्रेक. ड्रमच्या पोटात दोन बेअरिंग, मध्ये स्पेसर. जुनी ठोकून काढली, भोक रॉकेलनं पुसलं, नवं बेअरिंग ठेवलं आणि त्यावर लोखंडी पाइपचा तुकडा धरून हातोडा मारला. पाइप घरात होता तो घेतला. तो बरोबर बेअरिंगच्या आतल्या रेसवर, म्हणजे आतल्या कडीवर, बसत होता. ड्रममध्ये घट्ट बसते ती बाहेरची रेस. जोर तिच्यावर यायला हवा. आतल्या रेसवर मारलं की प्रत्येक घाव गोळ्यांमधून बाहेरच्या रेसकडे जातो आणि गोळ्या पोलादात आपापला ठसा उमटवतात. डोळ्यांना काही दिसत नाही. हातानं फिरवलं तर फिरतं. चौदा-पंधरा घाव मारले असतील. आधी आवाज ठण-ठण येत होता, शेवटी ठक्क आला, म्हणजे बसलं. मला त्या ठक्क आवाजाचा अभिमान वाटला होता. उजव्याच्या वेळी पाइप लहान पडला म्हणून जुन्या बेअरिंगची बाहेरची रेस वरून ठेवून ठोकलं. उजवं योगायोगानं बरोबर बसलं.

तेव्हाचा मी इथं मध्ये बोलतो. तो म्हणतो, कित्येक गॅरेजमध्येही हातोड्यानंच बसवतात, मग माझ्यावरच का? त्याचं म्हणणं खोटं नाही, मी डोळ्यांनी बघितलंय. पण तिथला पोऱ्या कुठल्या रेसवर मारायचं हे मार खाऊन शिकलेला असतो. हे सांगितलं तरी तेव्हाचा मी ऐकत नाही. तो म्हणतो, मग तू पैसे कुठून आणणार होतास? त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

आता घाट.

दिवाळीची सुट्टी होती. रत्नागिरीला सासूबाईंच्या भावाकडे निघालो होतो. मी, बायको, सासूबाई आणि नऊ वर्षांची मुलगी. डाव्या बाजूला हलकी गुरगुर मी आठ दिवस आधीपासून ऐकत होतो. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. ऐकत होतो आणि टायरची आहे असं स्वतःला पटवत होतो, कारण डावं तर नवं होतं, मीच बसवलेलं. बांबवड्याच्या पुढं बायकोनं विचारलं, "मागून आवाज येतोय का?" मी म्हणालो, "रस्ता खराब आहे." मलकापूर ओलांडल्यावर रस्ता चांगला लागला आणि आवाज वाढला. तेव्हा तिनं परत विचारलं नाही. मला वाटतं, तिला कळलं होतं की मी उत्तर देणार नाही.

आंब्याला चहा घेतला. उतरायला सुरुवात केली तेव्हा साडेपाच वाजून गेले होते. गाडी उजवीकडे वळली की वजन डाव्या चाकांवर पडतं, हा नियम मला माहीत होता. घाटात तो नियम दर वळणाला माझ्यासमोर उभा राहत होता. उजवं वळण आलं की आवाज चढायचा, डावं आलं की उतरायचा. चार-पाच वळणं मी मोजली. थांबायला जागा होती तिथं थांबलो नाही. खाली साखरपा आहे, तिथं बघू, असं मनात म्हणत दुसऱ्या गिअरमध्ये उतरत राहिलो. मग जळक्या ग्रीसचा वास आला. आधी सासूबाईंना आला. त्या म्हणाल्या, "काहीतरी करपतंय." पुढच्या वळणावर ब्रेक दाबला तर गाडीचं मागचं अंग एका बाजूला ओढलं गेलं, आणि दरीकडचा कठडा माझ्या कल्पनेपेक्षा जवळ आला.

रुंद जागा बघून थांबलो. उतरून चाकांना दगड लावले. डाव्या रिमला हात लावला आणि झटक्यात मागे घेतला. चाक वर-खाली हलवून बघितलं तर ते जागेवर नव्हतंच, बाटलीच्या सैल बुचासारखं हलत होतं. मी पाण्याची बाटली काढली तर मागून आलेला टेम्पोवाला ओरडला, "पाणी मारू नका, ड्रम तडकंल!" त्यानं स्वतःहून गाडी बाजूला घेतली, चाक बघितलं, मला काही विचारलं नाही. बायकांना आणि पोरीला साखरप्यापर्यंत सोडतो म्हणाला. त्याचं नाव मी विचारलं नाही, ही दुसरी गोष्ट मला छळते.

टेम्पोत चढताना मुलगी थांबली. म्हणाली, "पप्पा, हे तुम्ही बसवलेलंच चाक ना?"

आरोप नव्हता तो. नऊ वर्षांच्या पोरीला आरोप करता येत नाही. तिनं रविवारी माझ्याशेजारी बसून ग्रीस भरायला मदत केली होती, तिला तेवढंच खात्री करून घ्यायचं होतं. मी "हो" म्हणालो. मग टेम्पो गेला आणि मी नऊ वाजेपर्यंत टोइंगच्या गाडीची वाट बघत दगडावर बसलो. रेंज नव्हती. त्या तीनेक तासांत मी पैशांचा विचार एकदाही केला नाही. बांबवड्याला "हो, येतोय आवाज" एवढं म्हणालो असतो तर तिथं गॅरेज होतं, एवढंच डोक्यात फिरत होतं.

म्हणून "किती वाचले" या प्रश्नाचा मला राग येतो. चाक दुरुस्त झालं. "रस्ता खराब आहे" हे वाक्य दुरुस्त झालेलं नाही. आजही खडबडीत काँक्रीटवर गाडी घुमली की बायको माझ्याकडे न बघता विचारते, "हा रस्त्याचाच ना?" मी खरं सांगितलं तरी ती खिडकी खाली करून स्वतः ऐकते. माझ्या शब्दावर तिचा विश्वास होता तो घाटात गेला, आणि त्याचा आकडा ८,७५० मध्ये कुठंच नाही.

आता दुसरा प्रश्न. परत स्वतःच का?

गाडी कोल्हापुरात आल्यावर मी ड्रम काढून शिवाजी उद्यमनगरात एका ओळखीच्या फिटरकडे नेला. बाहेरच्या बेअरिंगचा गोळ्या धरून ठेवणारा पिंजरा फुटून गोळ्या विखुरल्या होत्या. आतलं मात्र अजून अखंड होतं. त्यानं ते ग्राइंडरवर कापलं, पुसलं आणि आतली रेस उजेडात धरली. गोळ्यांच्या अंतरानं एकेक बारीक खळगा, सगळे एकाच उंचीवर, कुणी आखून घ्यावेत तसे. "हे फिरून झालेलं न्हाई," तो म्हणाला, "हे ठोकून झालंय." मी मारलेले पंधरा घाव मला तिथं दिसले.

त्यानं नवा ड्रम गरम करून घेतला. पन्नास मिलिमीटरचं भोक ऐंशी अंशांनी तापलं की जेमतेम चार-पाच शतांश मिलिमीटरनं मोठं होतं, पण तेवढ्यानं फरक पडतो. बाहेरच्या रेसवर बसणारी रिंग ठेवली आणि प्रेसखाली बेअरिंग आवाज न करता खाली गेलं. मला नुसतं बघायला लावलं नाही; दुसरं माझ्याकडून दाबून घेतलं. घरी येऊन मी ड्रम चढवला, नवा नट मॅन्युअलमधल्या टॉर्कला, म्हणजे ठरवून दिलेल्या जोरानं, कसला, त्याची कड स्पिंडलच्या, म्हणजे चाकाच्या दांड्याच्या, खाचेत वळवून ठोकली. पहिल्या वेळी टॉर्क पाना नव्हता, मी टॉमीला, म्हणजे पान्याच्या दांड्याला, पाइप लावून अंदाजानं कसलं होतं. या वेळी कारखान्यातून पाना मागून आणला.

मी का केलं? एक कारण पैसे, तेव्हाही नव्हतेच. दुसरं, त्या खळग्यांनी मला माझी चूक नेमकी दाखवली होती, आणि इतकी नेमकी चूक कळल्यावर ती दुसऱ्याच्या हातात देऊन गप्प बसणं मला जमलं नाही. तिसरं कारण मी वर्षभर कुणाला सांगितलं नाही: गॅरेजला गेलो असतो तर मेहुण्यांचं "आम्ही सांगितलं होतं" आयुष्यभर ऐकावं लागलं असतं. या तीनपैकी कुठलं खरं आणि कुठलं मी मागाहून जुळवलं, ते मला सांगता येत नाही. मेहुणे म्हणतात, एकट्याचा जीव असता तर गोष्ट वेगळी. ते बरोबर आहेत. गाडीत चौघं होते. यावर मी कधी वाद घातलेला नाही आणि घालणारही नाही.

पण हेही खरं की त्यानंतर १९,००० किलोमीटर झाले आणि दोन्ही मागची चाकं शांत आहेत. दर दोन महिन्यांनी मी ती जॅकवर घेऊन फिरवतो, स्प्रिंगवर बोटं ठेवून कंप लागतो का बघतो. मुलगी टॉर्च धरते.

गेल्या आठवड्यापासून पुढचं उजवं घुमतंय. पुढच्याला ड्राइव्ह शाफ्ट काढावा लागतो, नकल, म्हणजे चाक धरून ठेवणारा भाग, सोडवावी लागते, घरी प्रेस नाही. पगार आता पूर्ण सहा दिवसांचा आहे, गॅरेजला देता येतील इतके पैसे आहेत. बेअरिंग मात्र मी आणून ठेवलंय, कपाटात वरच्या फळीवर, खोक्यासकट. बायकोला आवाजाबद्दल सांगितलंय, त्याच दिवशी सांगितलं. खोक्याबद्दल अजून नाही.